केरसुणीचा धंदा आणि त्याचा हिशेब

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात हबीबगंज येथे दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी आठ दिवसांपूर्वी निरोप धाडला की, 'लहान उद्योग' या विषयावर मी अर्धा तास बोलावे. मी त्यांना कळवले, मला एकच उद्योग ठाऊक आहे आणि तो म्हणजे दुसऱ्यांची घरे व कचेऱ्या झाडण्याचा. ते म्हणाले, मग त्यावरच बोला. तेव्हा आजच्या या मंगल प्रसंगी आपणांस केरसुणी, बादली आणि पोतेरे यांची कथा ऐकावी लागणार आहे. त्यात दोष असलाच तर तो चिटणीसांच्या पदरी घालावा.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नागपूरचे सचिवालय सोडून इकडे भोपाळास आली. माझे सासरे त्यांतलेच. सरकारी नोकरी ही त्या पिढीची पंढरी होती, आणि पेन्शन हा प्रसाद. २००९ साली मी घरात सांगितले की मी सफाईची कामे घेणार आहे, तेव्हा मामंजींनी दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी इतकेच म्हणाले, "सूनबाई, आपल्या घराण्यात हे कोणी केले नाही." त्यांचा राग मला कळत होता. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणारे आपण. परंतु तीच केरसुणी दुसऱ्याच्या ओसरीवर चालवून चार पैसे मिळवावेत म्हटले की आपली मान खाली जाते. गाडगेबाबांची तसबीर आपल्या पुष्कळ घरांतून आहे. तिला हार घालतो, आणि त्यांच्या हातातला खराटा मात्र तसबिरीतच राहू देतो.

याच ठिकाणी एक कडू गोष्ट बोलून टाकते. सफाईचे काम हलके नव्हते. ते पिढ्यान्‌पिढ्या काही जातींच्या गळ्यात बांधून आपण त्याला हलके ठरवले. मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या लोकांच्या राहणीची चौकशी करवली; त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. आज आपल्यातील कोणी या धंद्यात उतरला तर तो बहुधा मालक म्हणून उतरेल आणि हातात झाडू धरणारा बहुधा तोच जुना माणूस असेल. म्हणून या धंद्यात कायदा पाळणे हा नुसता दंड चुकवण्याचा प्रश्न नाही. माझे सगळे भाषण या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

आरंभ अगदी लहान होता. हबीबगंज नाक्याच्या बाजूस एका दंतवैद्याचा दवाखाना आणि एक शिकवणीवर्ग, अशी दोन कामे. मी आणि आणखी दोघी बाया. बादल्या घरच्याच. हबीबगंज स्टेशनला नोव्हेंबर २०२१ पासून राणी कमलापती म्हणतात, परंतु माझ्या बायांना अजून 'हबीबगंजवाले काम' असेच सांगावे लागते. असो. पहाटे पाचला निघायचे, आठच्या आत दोन्ही ठिकाणे लख्ख करायची आणि नऊला मुलांचे डबे. भांडवल फारसे लागत नाही, म्हणूनच हा धंदा सोपा वाटतो. आणि याच समजुतीने तो बुडतोही.

मोठे होता येत नाही असे मात्र नाही. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे हणमंतराव गायकवाड यांनी भारत विकास प्रतिष्ठान नावाचा आपल्यासारखाच एक सेवाभावी न्यास काढला होता. ते स्वतः टेल्कोत इंजिनियर होते. १९९७ साली पुण्याच्या त्या कारखान्यात सफाईचे काम त्यांनी आठ माणसांनिशी घेतले, आणि पुढे संसद भवन व राष्ट्रपती भवन यांच्या देखभालीपर्यंत ती संस्था पोहोचली. दुसरा दाखलाही पुण्याचाच. कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापली आणि तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. तेथे कचरा उचलणारीच संस्थेची सभासद. मला हा दुसरा दाखला अधिक आवडतो, हे लपवून ठेवत नाही.

आता कागदपत्रांकडे वळते. लोक ज्याला घाबरतात ते वस्तुतः दोन दिवसांचे काम आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कंपनी वगैरे काढण्याची गरज नाही. आपला पॅन, धंद्याच्या नावाचे बँकेतील चालू खाते, आणि उद्यम नोंदणी. ही नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर, घरबसल्या आणि फुकट होते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो दलाल आहे असे समजावे. हाताखाली माणूस ठेवला की मध्य प्रदेशच्या १९५८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. महापालिकेचा व्यवसाय परवाना आणि वृत्तिकर यांची चौकशी वॉर्ड कार्यालयात व कर सल्लागाराकडे करावी. वृत्तिकर माणशी वर्षाला अडीच हजारांच्या वर कधी जात नाही. थोडे भांडवल हवे असेल तर बँकेत मुद्रा कर्ज मिळते, त्यातले पहिल्या पायरीचे ५० हजारांपर्यंत, तारणाशिवाय.

जीएसटीबद्दल मात्र थोडे थांबते, कारण तेथे आपले लोक हमखास ठेच खातात. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत आपल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. आपण म्हणतो, माझ्या हाती महिन्याला वीस-पंचवीस हजार उरतात, मला कसला जीएसटी? परंतु उलाढाल म्हणजे हाती उरलेले नव्हे. बिलाचा सगळा आकडा. बायांना वाटलेली मजुरीही त्यात आली. बारा माणसे असली आणि प्रत्येकीमागे महिना १४ हजारांचे बिल झाले की वर्षाचे २० लाख १६ हजार होतात. झाली की नोंदणी! मग बिलावर १८ टक्के लावून तो कर सरकारात भरावा लागतो. उलट, नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लिहून पैसे घेणारेही मी पाहिले आहेत. तो तर सरळ गुन्हा. तसेच कंपन्या आपल्या बिलातून एक टक्का आयकर कापतात. तो बुडत नाही, विवरणपत्र भरले की हिशेबात मिळतो. पॅन दिला नाही तर तो एकाचा वीस टक्के होतो.

पण धंद्याचा जीव या कागदांत नाही, तो दरात आहे. किमान वेतन राज्य सरकार ठरवते आणि साधारणपणे एप्रिल व ऑक्टोबरमध्ये त्यातला महागाई भत्ता बदलतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. नावे बदलली, परंतु आपल्या कामाचे मुख्य आकडे तेच राहिले: दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा, वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस. आता मजजवळ खडू नाही, तेव्हा मनातल्या मनात मांडा. बाईची मजुरी १०० रुपये धरा. निधीतला मालकाचा वाटा आणि वरचा खर्च मिळून १३. विम्याचे सव्वातीन. बोनसचे आठ रुपये तेहतीस पैसे. झाले १२४ च्या वर. पण मजुरी २६ दिवसांची आणि कचेरी झाडायची ३० दिवस. त्या चार सुट्यांना बदली बाई लागते, तिचे आणखी एकोणीस. म्हणजे शंभराचे एकशेचाळीसच्या वर गेले आणि अजून फिनेलची बाटलीसुद्धा उघडलेली नाही. आपली मेहनत तर राहोच.

आणि गिऱ्हाईक काय म्हणते? "पलीकडचा एकशेदहात करतो." तो पलीकडचा कसा करतो, हे आता आपणांस समजले असेल. ज्या दिवशी आपण एकशेदहावर सही करतो त्याच दिवशी कायदा मोडलेला असतो. पुढे मोडतो तो फक्त बाईचा पगार. मी स्वतः पहिल्या वर्षी अशी एक सही केली आहे. म्हणून सांगते, काम हातचे गेले तरी चालेल, परंतु दर खाली आणू नका. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. दहांतले सहा उठून जातात, चार राहतात, आणि ते चौघे मग वर्षानुवर्षे राहतात.

दहापेक्षा कमी माणसे असताना विमा लागू नाही, म्हणून निश्चिंत होऊ नये. ओल्या फरशीवरून बाई घसरली, हात मोडला, तर तिच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर येतेच. विमा कंपन्यांकडे कामगार भरपाईची पॉलिसी मिळते, तिचा हप्ता आपल्या चहापाण्याच्या खर्चाहून मोठा नसतो. ती पहिल्या दिवशी घ्यावी. बाईला नेमणुकीचे पत्र द्यावे, छायाचित्राचे ओळखपत्र द्यावे, मजुरी बँकेत भरावी. अनोळखी घरी एकटीला कधी पाठवू नये, दोघी पाठवाव्यात; हा माझा नियम आहे. दहा माणसे झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी आपल्याच आस्थापनेत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. हे बायांना आपण होऊन सांगावे. त्या विचारायला येत नाहीत.

आता सात तारखेची गोष्ट. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत दिली पाहिजे, असा कायदा आहे. आणि गिऱ्हाईक पैसे देते साठाव्या दिवशी. या दोन तारखांच्या मधल्या खड्ड्यात आमच्या धंद्यातली निम्मी माणसे पडतात. २०१२ साली मीही पडले. एका मोठ्या कचेरीचे काम मिळाले, अंगावर मूठभर मांस चढले, सात बाया ठेवल्या. कचेरीने तीन महिने बिल दिले नाही. पहिल्या महिन्यात मी घरातून पुरवले, दुसऱ्या महिन्यात बायांना म्हटले, "पुढच्या आठवड्यात." असे तीन पुढचे आठवडे झाले. एके दिवशी कळले की एकीने लेकीच्या कानातल्या रिंगा सावकाराकडे ठेवल्या आहेत. आणि हे मला तिने नव्हे, दुसरीने सांगितले. त्या रात्री माझ्या पाटल्या गहाण पडल्या. मामंजींनी ते पाहिले, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत म्हणाले, "हजेरीपट आण इकडे." त्या दिवसापासून ते जाईपर्यंत माझी मजुरीची वही त्यांनी ठेवली, सचिवालयातल्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात.

तेव्हा मला ठाऊक नव्हते ते आता सांगते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार, आपण नोंदलेले लहान उद्योग असलो तर गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; करारात त्याहून लांब मुदत लिहिली तरी ती चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला राज्यात परिषद आहे. पण नोंदणी काम करण्याआधीची हवी. माझी नव्हती, म्हणून तो कायदा मला कामी आला नाही. आणि कायदा असला तरी, दोन महिन्यांची मजुरी बँकेत बाजूला पडल्याशिवाय नवे काम घेऊ नये.

यापुढचे सांगावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण न सांगणे बरे दिसणार नाही. २०१६ च्या पावसाळ्यात एका वसाहतीच्या चिटणिसांचा फोन आला: मैल्याची टाकी तुंबली आहे, एक माणूस द्या, पैसे म्हणाल तेवढे. माझ्याकडच्या एका बाईचा धाकटा भाऊ तयार झाला. मीही हो म्हटले. अशा वेळी आपण आपल्या मनाला काय सांगतो? पाच मिनिटांचे काम, त्यालाच पैसे हवेत, आपण काय बळजबरी केली? मी तेथे पोहोचले तेव्हा झाकण काढलेले होते आणि तो पोरगा सदरा काढून काठावर उकिडवा बसला होता. त्याच्या बहिणीने त्याचा दंड धरला होता आणि ती तो सोडीना. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "बाई, तुम्ही तुमच्या मुलाला उतरवाल का?"

मी त्याला सदरा घालायला लावला आणि महापालिकेची पंपाची गाडी बोलावली. चिटणीस रागावले, ते काम गेले.

टाकीत जो वायू साचतो त्याचा वास पहिल्या श्वासाला येतो, मग नाकच बधिर होते. माणसाला वाटते वास गेला, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. वर्तमानपत्रात अशा बातम्यांत दोन-तीन नावे एकत्र असतात ती यामुळेच. २०१३ च्या कायद्याने, संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो मालकालाच लागू आहे असे नव्हे. प्रत्यक्ष किंवा आडमार्गाने कामाला लावणारा जो कोणी, त्याला. वसाहतीचा चिटणीसही त्यात आला, आणि या सभागृहात वसाहतींचे चिटणीस पुष्कळ आहेत! अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दहा लाखांवरून ३० लाखांवर नेली. मला आकडे पाठ आहेत, पण खरे सांगायचे तर त्या दिवशी मला कायदा आठवला नव्हता. एका बहिणीचा हात आडवा आला.

वायूवरून आणखी एक. आपण भोपाळकर आहोत, डिसेंबर १९८४ ची रात्र आपल्याला सांगावी लागत नाही. तरीसुद्धा आपल्याच न्हाणीघरात आपण लहानसा कारखाना उघडतो. फरशीचे डाग निघावेत म्हणून तेजाब आणि ब्लीचिंग एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. माझ्या एका बाईने अरेरा कॉलनीतल्या एका घरी दार लावून हे केले. खोकत बाहेर आली, डोळे लाल. घरातील आजोबा त्या रात्रीचे वाचलेले. वास येताच त्यांनी काठी टाकून दिली आणि सगळ्यांना अंगणात काढले. तेव्हापासून माझ्या पेटीत तेजाब नाही. बाटल्यांवर चित्रे चिकटवली आहेत, कारण वाचता न येणाऱ्या बाया आहेत. हातमोजे, बूट, ओढणी मागे बांधणे हे सक्तीचे. एका बादलीत एकच औषध.

दवाखान्याचे काम घ्याल तर सुया, रक्ताचे बोळे, पट्ट्या यांना आपल्या बाईने हात लावायचा नाही. त्यासाठी २०१६ चे नियम आहेत. पिवळी, लाल, पांढरी आणि निळी अशी वेगळी व्यवस्था दवाखान्यानेच करायची असते. हे करारात लिहून घ्यावे. माझ्या त्या पहिल्या दंतवैद्यांनी आजतागायत हे पाळले.

आपले शहर २०२४ च्या स्वच्छता सर्वेक्षणात देशातील मोठ्या शहरांत दुसरे आले, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. वाटावेत. त्या दिवशी माझ्याकडे एकोणीस बाया आणि चार पुरुष होते. त्यांतील एकीची मुलगी आपल्याच न्यासाच्या शिष्यवृत्तीवर बी. कॉम. झाली आणि आता माझा जीएसटी तीच भरते. मला फार रागावते, बिले वेळेवर देत नाही म्हणून.

वेळ संपत आली, चिटणीस घड्याळ पाहताहेत. सभेनंतर मी खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना उद्यम नोंदणी करायची असेल त्यांनी आधार, पॅन आणि आधारशी जोडलेला मोबाईल घेऊन यावे. माणशी दहा मिनिटे लागतात. दराचा हिशेब आणि नेमणूकपत्राचा नमुना मी छापून आणला आहे. हजेरीपट कसा ठेवावा हे पाहायचे असेल तर मामंजींची वहीही आणली आहे. ती चाळावी, हवे तर उतरवून घ्यावी, पण घरी नेऊ नये. त्यांच्या हातची तेवढीच एक माझ्यापाशी उरली आहे.